साडेबारा ओहम

साडेबारा. तिसऱ्यांदा मोजलं तरी साडेबारा.

राजनंदिनीनं वायरींचे स्क्रू पुन्हा घट्ट केले. नॉब फिरवून व्होल्टमीटर बरोबर सहावर आणला. करंटचा काटा ०.४८ वर जाऊन थांबला. सहाला ०.४८ नं भागलं की कॉइलचा रेझिस्टन्स साडेबारा ओहम. आणि यायला हवे होते दहा.

दहा कुणी सांगितले? सगळ्यांनी. डिप्लोमाच्या या लॅबमध्ये काळ्या डबीतली ही कॉइल वर्षानुवर्षं दहा ओहमचीच होती. प्रत्येक बॅच आधीच्या बॅचच्या जर्नलमधून रीडिंग उतरवायची. दहा ओहम आणि ३.६ वॉट ही उत्तरं गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्यालासुद्धा पाठ होती. आज परीक्षेला नऊ जण होते आणि सर्किट एकच. आठ जणांनी आळीपाळीनं येऊन नॉब फिरवल्यासारखं केलं आणि दहा लिहून पेपर दिला. राजनंदिनी शेवटची.

"लोड नको घेऊस गं," पेपर देऊन शेजारी रेंगाळलेला आमोद कुजबुजला. "रीडिंग टाक आणि नीघ."

लॅब सांभाळणारे हिंदुराव कपाट पुसायच्या निमित्तानं जवळ आले. पोरांवर जीव होता त्यांचा. "दहा लिही, बाई. पंधरा वर्षं दहाच हाय ती. तुझ्यासाठी बदलंल व्हय?"

गेल्या वर्षी ऐन परीक्षेत तिला डेंग्यू झाला आणि हाच विषय राहिला. आता चाकणच्या एका कारखान्याचं अप्रेंटिसचं पत्र घरी देवापुढं ठेवलेलं होतं. हा विषय सुटला तरच नोकरीवर रुजू व्हायचं, नाहीतर पत्र रद्द. तिचे वडील बापूराव मार्केट यार्डात तोलणार होते, दिवसभर पोती काट्यावर चढवून वजन पुकारायचे. पत्र आल्यावर त्यांनी अख्ख्या गाळ्याला पेढे वाटले होते.

तिनं पेन्सिलीनं दहा लिहिले. अक्षर सुरेख आलं. आकडा मात्र बघवेना. बापूराव सांगायचे, काट्यावर येतं तेवढंच पुकारायचं, मग समोर व्यापारी असो की त्याचा बाप. तिनं दहा खोडले. पेनानं लिहिलं: १२.५ ओहम. सहा गुणिले ०.४८, म्हणजे पॉवर २.८८ वॉट. आणि पेपर दिला.

दुसऱ्या कॉलेजमधून परीक्षक म्हणून आलेल्या वासंती मॅडम सकाळी साडेआठलाच हजर झाल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी हिंदुरावांना चहा आणायला पिटाळलं होतं. त्यानंतर त्या तोंड उघडत होत्या त्या आत्ता.

"दहा. दहा. दहा." एकेक पेपर उलटत त्यांनी आठही वाचले. "वा. एवढी एकी सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा नसते. आणि राजनंदिनी कोण? आपलंच साडेबारा कसं काय?"

"काट्यावर आलं तेवढं लिहिलं, मॅडम."

"म्हणजे हे आठही जण चुकले?"

"ते मला माहीत नाही. मी तीनदा मोजलंय."

"म्याडम, पोरगी हुशार हाय," हिंदुराव मध्ये पडले. "मीटरच जुना झालाय, त्याला ती काय करणार?"

मॅडमनी तिच्यापुढं पेपर सरकवला. "अजून वेळ आहे. बदलायचं असेल तर बदला."

राजनंदिनीच्या डोळ्यांसमोर देवापुढचं पत्र आलं. तिनं पेपर परत मॅडमकडं सरकवला आणि सर्किटपाशी जाऊन उभी राहिली. "परत मोजून दाखवते. सगळ्यांनी बघा."

नऊ डोकी मीटरवर वाकली. तिनं नॉब फिरवला. सहा व्होल्ट. काटा उठला, ०.४८ वर गेला आणि थांबला. आमोदनं मोबाईलवर भागाकार केला आणि मोबाईल खिशात घातला.

मॅडमनी तिच्या पेपरवर पंचवीसपैकी पंचवीस लिहिले आणि खाली सही ठोकली. राजनंदिनीनं आकडा दोनदा वाचला. मग तिला हसू आलं, आणि ते काही केल्या आवरेना.

"बाकीच्यांनी जेवून या आणि या वेळी खरोखर मोजा," मॅडम उठत म्हणाल्या. दाराशी पोचल्यावर त्यांनी खांद्यावरच्या कापडी पिशवीतून एक काळी डबी काढली आणि हिंदुरावांच्या हातावर ठेवली. "ही घ्या तुमची दहा ओहमची. सकाळी तुम्ही चहाला गेलात तेव्हा बदलली होती."