नऊ नंबरचा डोस

"आता चार नंबरचा डोस बदल बरं," छोटी म्हणाली.

दादाने पाचाचे आठ केले. पडद्यावर नऊ नंबरच्या खाटेसमोरही मुकाट आठ उमटले. नशीब, पंप सगळे काढून ठेवलेले होते.

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर रूममध्ये दोघं भावंडंच होती. औषधाचे पंप चालवणारा प्रोग्राम दादाच्या कंपनीचा, आणि डोसचा भाग खुद्द दादाने लिहिलेला. गेल्या आठवड्यात नऊ नंबरचे आजोबा जास्त डोसने गेले. डोस वाढवल्याची नोंद सिस्टरच्या नावावर निघाली, आणि सगळं खापर तिच्या डोक्यावर फुटलं.

छोटीने कोड उघडला. ज्याचा डोस त्याच्याच खाटेपाशी, बाहेरच्याचा हात लागणार नाही असा ठेवायचा, हे पहिल्या वर्षाची पोरंसुद्धा जाणतात. दादाने तो स्टॅटिक केला होता, म्हणजे साऱ्या खाटांत मिळून डोस एकच. वर पब्लिक, म्हणजे कुणीही कुठूनही यावं आणि बदलून जावं. घाई होती ना! चाचणी घेतली तीही एकाच खाटेवर, आणि एका खाटेवर हे सगळं अगदी शहाण्यासारखं चालतं.

"हे तू लिहिलंस, दादा?"

"दुरुस्त करून टाक. दोन शब्द तर आहेत. बाहेर कळलं तर कंपनी बुडालीच म्हणून समज. किती घरं चालतात आपल्यावर, छोटे!"

"आणि तिचं घर?"

दादाने कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. छोटीला त्याची कीव आली, आणि त्याहून जास्त राग आला. ती उठली.

सिस्टर बाहेर बाकावर बसली होती, चौकशीला आत बोलावण्याची वाट बघत. छोटी तिच्याशेजारी टेकली.

"सिस्टर, तुम्ही फक्त चारचा डोस बदललात. नऊला तुमचा हातही लागला नाही. चूक आमच्या प्रोग्रामची आहे, आणि मी आत जाऊन तसंच सांगणार आहे."

सिस्टरने शांतपणे ऐकून घेतलं. सुरुवातीला तीही हेच सांगत होती, अगदी घसा फोडून. डॉक्टर, मेट्रनबाई, घरी नवरा, सगळ्यांनी तिला एकच म्हटलं होतं, नीट आठवून बघ.

"तुम्ही चांगल्या आहात हो," छोटीचा हात थोपटत ती म्हणाली. "पण कशाला उगाच माझं मन राखता? मला आठवलंय आता सगळं. मी नऊ नंबरपाशी गेले, आजोबा जागेच होते, 'पोरी, जेवलीस का?' म्हणाले, आणि मी ह्याच बोटाने डोस वाढवला."