भोंग्यातला आवाज

डॉक्टर हेमांगी खैरमोडे सकाळपासून आरोग्य खात्याच्या गाडीत बसून माइकवर ओरडत होत्या, "नळाचं पाणी पिऊ नका, त्यात कॉलरा आहे!" बंद काचेतून त्यांना बायका माना डोलावताना दिसत होत्या. आणि त्याच बायका नळावर रांग लावत होत्या!

त्या तावातावाने खाली उतरल्या. नळाखाली झुंबरबाईंचा हंडा भरत आला होता.

"अहो, एवढं ओरडून सांगतेय, तरी हेच पाणी भरताय?"

"तुम्हीच तर म्हणताय, पाणी अमृत आहे, बिनघोर प्या म्हणून."

माइक गाडीत पडला होता, तरी वरचा भोंगा हेमांगींच्याच आवाजात तेच सांगत होता. लोक घाबरू नयेत म्हणून नव्या सरकारने भोंग्यांत एक यंत्र बसवलं होतं. ते फक्त सूर सौम्य करतं, असं डॉक्टरांना सांगितलं होतं.

"मेल्यांनो, माझ्या तोंडून लोकांना विष पाजताय!" हेमांगींनी लाथेने हंडा उलथवला. झुंबरबाई अंगावर धावून आल्या.

तेवढ्यात भोंगा मधाळपणे म्हणाला, "अफवा पसरवणाऱ्या या बाईपासून सावध राहा."

"अहो, ती मी नाही! मी ही, तुमच्यासमोर!" ओरडून ओरडून बसलेल्या घशातून जेमतेम घोगरा आवाज निघाला.

झुंबरबाई थबकल्या. त्यांनी भोंग्याकडे पाहिलं, मग डॉक्टरीणबाईंकडे.

"सकाळपासून बोंबलतोय मेला, तरी त्याचा घसा कसा बसला नाही गं?" त्या मागच्या बायकांना म्हणाल्या. मग त्यांनी नळ बंद केला आणि दगड उचलून भोंग्यावर नेम धरला.