द्वारका वधू-वर सूचक केंद्र

"केंद्र हेच ना?" दारातल्या बाईंनी विचारलं. त्यांच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला एक बायोडेटा आणि एक फोटो होता.

रविवारपासून शामसुंदरराव या प्रश्नाला भीत होते. फोनवर तो विचारणारे बहुतेक जण हसून फोन ठेवत. आज तो प्रश्न चपला काढून घरात आला होता.

एका स्थानिक बातम्यांच्या पोर्टलवर दर रविवारी त्यांचं 'तिरपी रेघ' नावाचं सदर येई. या वेळी त्यांनी नाशिकच्या द्वारका चौकातल्या वाहतूक कोंडीवर लिहिलं होतं. शेजारशेजारच्या रिक्षांत लोक इतका वेळ अडकतात की गाव, नातेवाईक, पत्रिका सगळं जुळून जातं. म्हणून त्यांच्यासाठी वधू-वर सूचक केंद्र निघालं आहे, अशी बातमी त्यांनी रचली. बातमी म्हटली की कार्यालयाचा पत्ता-फोन हवा. दुसऱ्या कुणाचा घातला तर तो दुखावेल, म्हणून त्यांनी आपल्याच घराचा घातला. "अहो, लोकांना भिऊन भिऊन थट्टा करणारे तुम्ही एकटेच," इंदिराबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या. मग कुणीतरी सदराचं नाव कापून नुसत्या बातमीचा स्क्रीनशॉट काढला, आणि तो नाशिकभर फिरला.

बाईंचं नाव कलाबाई. मखमलाबादला शेती, कोबी आणि टोमॅटोची. मुलगा समाधान, तिशी उलटलेला. एवढं त्यांनी टेकता टेकताच सांगितलं. इंदिराबाईंनी पाणी आणून ठेवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. सांगून टाका, असं त्या नजरेत होतं.

शामसुंदरराव मनात वाक्य जुळवू लागले. थट्टा होती म्हणावं, तर बाई खजील होतील. चूक झाली म्हणावं, तर त्यांच्या येण्याचं काय? एकही वाक्य धड होईना.

"असं केंद्र नाही हो," ते शेवटी म्हणाले. "ती बातमी मीच लिहिली. उपहास म्हणतात त्याला. खोटं लिहायचं, पण ते खोटं आहे हे वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. मला ते जमलेलं नाही. मी आता सदर बंद करतोय."

"जमलं की," कलाबाई म्हणाल्या. "आमाला कळलं. समाधाननंच वाचून दावलं. नाशिक रोडला भाजी पोचवायची व्हती, द्वारकेला टेम्पो बंद करून बसलो व्हतो. लय हसला. वरीसभरात एवढा हसला नव्हता."

"मग तुम्ही इथवर..."

"त्यात तुमी शेवटाला एक पोरगी घातली नाय का?"

घातली होती. केंद्राच्या अर्जात ती मुलगी लिहिते, 'नवरा शेतकरीच हवा', आणि तिला बघायला अशी झुंबड उडते की द्वारकेची कोंडी थेट हायवेपर्यंत जाते. वाचकांनी सगळ्यात जास्त दाद दिली होती ती याच वाक्याला.

"तिच्यापाशी आला अन् गप झाला," कलाबाई म्हणाल्या. "म्होरच्या गाड्या सुटल्या, मागचे हॉर्न मारू लागले, तरी टेम्पो चालू करीना. मला म्हनला, आये, असं कुनाच्या डोक्यात तरी आलं बघ." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "लय ठिकानी पोरी पाह्यल्या. अंबडला कंपनीत गेटवर उभा ऱ्हानारा बी पसंत पडतो त्यांना. आता हा म्हनतो, बास झालं, बघायचं नाय."

"पण ती मुलगी कुठेच नाही हो. लोकांनी हसावं म्हणून मी..." ते वाक्य सुचलं तेव्हा शामसुंदरराव स्वतःही हसले होते.

"ठावं हाय मला." कलाबाईंनी पिशवीतून बायोडेटा काढला, टीपॉयवर ठेवला आणि तळहाताने त्याची घडी मोडली. फोटो त्यावर ठेवला. "म्हनून तर आले. दुसऱ्याची पोरगी असती तर तिच्या आईबापाच्या नाकदुऱ्या काढाव्या लागल्या असत्या. ही तुमचीच हाय. म्होरल्या रविवारी तिचं लगीन लावून द्या माझ्या समाधानशी. तो वाचतो तुमचं. हसंल तरी."

इंदिराबाई दाराशीच उभ्या राहिल्या. चहाचं विचारायचं त्या विसरून गेल्या.

फोटोतल्या मुलाने नवा शर्ट घातला होता. शर्टावर दुकानातल्या घड्या तशाच होत्या. कॅमेऱ्याकडे बघायचं की खाली, हे त्याला ठरवता आलं नव्हतं. शामसुंदररावांना तो संकोच ओळखीचा वाटला. त्यांनी चष्मा पुसला, पेन उघडलं आणि कोरा कागद पुढे ओढला.

"मुलाच्या काही अपेक्षा?"

कलाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"काय नाय, बाबा. पोरगी नुसती लिहिलेली असली तरी चालंल."