भागीरथीबाईंचं बोट

"दुखतंय," संगणक बोलला.

कलावती पिठाच्या हातानेच स्वयंपाकघरातून धावली. आई खुर्चीत होती, डाव्या हाताचं बोट पडद्यावर टेकलेलं.

"कुठे गं आई? डोकं? पाय? पाठ?"

कलावती विचारत गेली, आई मान हलवत गेली. नाही. नाही.

"चुकून लागलं असेल बोट," बाबा म्हणाले.

दिवाळीनंतर आईचं, म्हणजे भागीरथीबाईंचं, उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. कलावती ठाण्यात एका संगणक कंपनीत कामाला होती. तिथे एक टचस्क्रीनचा मॉनिटर धूळ खात पडला होता, गिऱ्हाइकाने परत केलेला. टेबलावरच्या पडद्याला सारखं बोट लावायचं म्हणजे हात अधांतरी धरावा लागतो, खांदे भरून येतात, काच डागाळते ती वेगळीच. त्यापेक्षा माउस बरा, असं त्या गिऱ्हाइकाचं म्हणणं. साहेबांना विचारून कलावतीने तो मॉनिटर रिक्षात घालून वर्तकनगरला घरी आणला. पडद्यावर मोठी मोठी चित्रं मांडली. पाणी, चहा, खिडकी, आणि सगळ्यात खाली दुखतंय. बोट टेकलं की कलावतीच्याच आवाजात तो शब्द ऐकू यायचा.

आईला शिकवलं मात्र बाबांनी. तिचा डावाच हात चालायचा, म्हणून तेही शेजारी बसून डाव्या हातानेच दाखवायचे. "हं भागी, हे पाणी. आता चहा सांग बघू." तिने पहिल्यांदा चहा मागितला तेव्हा बाबांनी अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं.

"तुझं गिऱ्हाईक खोटं बोलत नव्हतं पोरी," एकदा डावा दंड चोळत ते म्हणाले. "जन्मभर मिठागरात फावडं मारलं, तेव्हा नाही दमला हा हात. तुझ्या काचेने दमवला."

"मग जरा कमी शिकवा ना," कलावती हसली.

आणि आता हे दुखतंय सुरू झालं होतं. सकाळी, जेवताना, बाबा बादली उचलून नेत असताना, केव्हाही.

आईचा हात दमून खाली घसरत असेल, असं कलावतीला वाटलं. तिने ते चित्र सगळ्यात वर नेलं. आईने हात ताणून तेच दाबलं. मग तिने काच तपासली. बोट टेकेल तिथेच पडद्यावर खूण उमटत होती. तेव्हा मात्र ती घाबरली.

बाबा जाऊन डॉक्टरांना घेऊन आले आणि जिना चढून आल्यावर दाराशीच टेकून उभे राहिले. डॉक्टरांनी आईचं पोट, पाठ, छाती, सांधे, सगळं पाहिलं.

"काही सापडत नाही," ते म्हणाले. "अशा आजारात शब्दांची सरमिसळ होते कधीकधी. मनात एक असतं, हात भलतीकडे जातो."

"म्हणजे पाणी, चहा... तेही तिने मागितलंच नव्हतं?"

कलावतीने विचारलं. गेले कित्येक दिवस ती कामावरून येऊन आधी त्या पडद्यासमोर बसत होती. आई पुन्हा बोलते आहे असं समजून.

"दुखतंय," संगणक म्हणाला.

"राहू दे आता, भागी," बाबा हळूच म्हणाले. "बंद करतो मी. उगाच डॉक्टरांचा वेळ जातोय."

"दुखतंय. दुखतंय."

कलावती आईच्या गुडघ्यांशी बसली. "मी नाही विचारत आता. तूच दाखव आई. कुठे?"

आईने पडद्यावरचा हात काढला, बटणाकडे वाकलेल्या बाबांचा सदरा मुठीत धरून त्यांना जवळ ओढलं, आणि आपला तळवा त्यांच्या छातीवर ठेवला.