तीन ट्यूबा

सुपडू बमरोलीच्या दवाखान्यात खुर्चीवर रेलून डॉक्टरबेननाच सुनावत होता, “तीन महिने झाले, बायकोचा कोरडेपणा जात नाही. औषधच कुचकामी!” पाळी थांबल्यापासून जळजळ शेजारी बसलेल्या सरलाबाईला व्हायची आणि टोमणेही तिनेच ऐकायचे. डॉक्टरबेन हार्मोनचा वाढीव डोस लिहिता लिहिता थबकल्या. “आतून लावायचं मलम, आठवड्यातून दोनदा. महिन्याला तीन ट्यूबा कशा संपतात?” सरलाबाईला वाटायचं, कंपनीच ट्यूब अर्धी भरते. तिने खाली पाहिलं. कापडाच्या लूमवर बारा तास उभ्या राहणाऱ्या नवऱ्याच्या भेगाळलेल्या टाचा आज नवरदेवासारख्या गुळगुळीत दिसत होत्या. “कोरडेपणावरचंच आहे ना?” तो पुटपुटला. “मी टाचांना चोळलं.” सरलाबाईने त्याच्याकडे शेणात पडलेल्या पायाकडे बघावं तसं बघितलं. “डोस वाढवू नका, बेन. ट्यूब लिहा, मी कुलपात ठेवते.” मग नवऱ्याला म्हणाली, “टाचा मऊ झाल्या ना? आता त्यांनाच घेऊन झोपा.”