भास्कररावांची चाचणी

पोळी लाटता लाटता इंदुमतीनं एकदम ओटा घट्ट धरला. "अहो, तिसऱ्या वळणावर रूळ तुटतो तुमचा. पडले की मी!"

भास्कररावांनी चटकन कॉम्प्युटर बंद केला. कॉम्प्युटरवर रोलर कोस्टर रचणाऱ्यानं चाचणीला गाडीत स्वतःच्याच मनाची प्रत बसवायची, असा नियम होता. प्रतीनं सोसलेलं संध्याकाळी मूळ माणसाला एकेक करून आठवतंच. या भित्र्या हौशी माणसानं गुपचूप बायकोची प्रत बसवली होती.

"मला न विचारता? कितीदा बसवलंत?"

"एकदाच गं."

छत्तीस वेळा पाडली होती तिला.

इतक्यात तिच्या हातून लाटणं निसटलं. तिनं पुन्हा ओटा धरला, डोळे मिटले.

"दोन," ती म्हणाली.

अजून चौतीस बाकी होत्या. भास्कररावांनी हळूच गॅस बंद केला.