न बोलण्याची अट

फडक्याचं टोक आचेपासून चार बोटांवर आलं, तेव्हा आईने स्टुलाच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरल्या.

बोलायचं नाही, असं ठरलं होतं. हात लावायचा नाही, जागचं उठायचं नाही. मुलीने एकटीने बटाटे परतून दाखवले, तर ती या भाड्याच्या खोलीत एकटी राहणार. आईला तोंड उघडावं लागलं, तर मुकाट्याने घरी परत. अट आईनेच घातली होती. बाबा खाली गाडीत बसून होते. सामानही अजून गाडीतच होतं.

मुलगी बावीस वर्षांची. जन्मापासून दिसत नव्हतं, पण अंधांच्या केंद्रात सहा महिने राहून सगळं शिकली होती. मिठाच्या डब्याला एक रबर, साखरेच्या डब्याला दोन. चिरताना बोटं आत दुमडलेली, सुरीचं पातं पेरांना टेकलेलं. तेल तापलं का, हे ती कांद्याचा तुकडा टाकून ऐकायची. फडका तेवढा खांद्यावर. केंद्रातल्या बाई कानीकपाळी ओरडायच्या, कमरेला खोच म्हणून. पण आईचा फडका जन्मभर खांद्यावर, मग लेकीचा दुसरीकडे कुठे असणार?

आता ती कढईवर वाकली होती आणि फडका घसरत होता.

एक शब्द पुरला असता. संध्याकाळच्या आत लेक घरी आली असती. आईला ते हवंही होतं, खोटं कशाला बोला. पण मग पोर तो शब्द आयुष्यभर विसरली नसती. शिवाय ही पोर साधीसुधी नव्हती. दीड वर्षाची असताना रांगत पायरीच्या कडेशी यायची आणि आपोआप थांबायची. पुढे रस्त्यातल्या खड्ड्याशी, उकळत्या दुधाशीही तशीच. शेजारणी तोंडात बोटं घालायच्या. "हिला पाठीलाही डोळे आहेत गं," म्हणायच्या. आई वरवर "काहीतरीच तुमचं" म्हणायची आणि आतून फुलून यायची.

दोन बोटं उरली. मग एकच.

मुलीचा हात हवेतच थांबला. तिने खांदा चाचपला, फडका ओढला आणि मागे भिरकावून दिला.

आईने सुस्कारा सोडला. "जिंकलीस गं बाई. सांगते बाबांना, सामान वर आणा म्हणून."

मुलीने गॅस बंद केला. "नको. हरले मी."

"अगं, मी तोंडातून ब्र तरी काढला का?"

"नाही काढलास. पण श्वास धरलास." तिने ओट्यावरचं तेल पुसलं. "तू श्वास धरलास की मी थांबते, आई. लहानपणापासून."

आईने स्टुलाच्या कडा सोडल्या.

"आता तू खाली जाऊन बस," मुलगी म्हणाली आणि टोपलीतला दुसरा बटाटा चाचपून उचलला. "मी पुन्हा पहिल्यापासून करते."

आईने चपला पायात सरकवल्या. बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. मग एकेका पायरीवर मुद्दाम पाय आपटत ती जिना उतरली, आपण खरंच गेलो हे वर ऐकू जावं म्हणून.